विश्वाच्या आरंभाचा वेध घेणारा धर्मगुरू : फादर जॉर्ज लमेत्र

विश्व प्रसरण पावत आहे, ही गोष्ट आज शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. परंतु गणित आणि निरीक्षण यांची सांगड घालून ती प्रथम मांडणारा शास्त्रज्ञ हा एक कॅथोलिक धर्मगुरू होता, याची माहिती आपल्यापैकी थोड्यांनाच असते. फादर जॉर्ज लमेत्र हे त्या धर्मगुरूचे नाव. त्यांनी आपला झगा कधी लपविला नाही आणि आपल्या गणिताला कधी धर्मोपदेशाचे रूपही दिले नाही. या दोन्ही गोष्टी एकाच जीवनात कशा सामावल्या, हे समजून घेण्यासारखे आहे.

बालपण, युद्ध आणि पाचारण

जॉर्ज लमेत्र यांचा जन्म बेल्जियममधील शार्लरुआ या औद्योगिक शहरात १७ जुलै १८९४ रोजी झाला. चार भावंडांत ते थोरले. वडील जोसेफ यांचा काचेचा कारखाना होता. येशूसंघीय धर्मगुरूंच्या शाळेत जॉर्ज यांचे शिक्षण झाले. अगदी लहान वयातच दोन इच्छा त्यांच्या मनात रुजल्या होत्या : एक धर्मगुरू होण्याची आणि दुसरी शास्त्रज्ञ होण्याची. पुढे कारखान्याला आग लागली, कुटुंबावर आर्थिक संकट कोसळले आणि सर्वांना ब्रुसेल्स येथे स्थलांतर करावे लागले. घराची जबाबदारी ओळखून जॉर्ज यांनी १९११ मध्ये लूव्हेनच्या कॅथोलिक विद्यापीठात अभियांत्रिकीसाठी प्रवेश घेतला.

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले आणि बेल्जियमवर आक्रमण झाले. लमेत्र स्वेच्छेने सैन्यात दाखल झाले. प्रथम पायदळात आणि नंतर तोफखान्यात त्यांनी सेवा केली व शौर्याबद्दल युद्धपदक मिळविले. चार वर्षे मृत्यूच्या सान्निध्यात काढलेला हा तरुण परतला तो अभियांत्रिकीकडे पाठ फिरवूनच. गणित व भौतिकशास्त्र यांकडे तो वळला. १९२० मध्ये त्यांनी गणितात डॉक्टरेट मिळविली. त्याआधी संत थॉमस अॅक्विनास यांच्या तत्त्वज्ञानाचाही त्यांनी रीतसर अभ्यास केला होता. हा अभ्यास पुढे मोठ्या कसोटीच्या वेळी त्यांच्या उपयोगी पडणार होता.

त्याच वर्षी ते मेखलेन येथील सेमिनरीत दाखल झाले. कार्डिनल मर्सिए हे स्वतः नामवंत तत्त्वचिंतक होते. त्यांनी या विद्यार्थ्याची प्रतिभा ओळखली व धर्मशास्त्राच्या जोडीने आइन्स्टाइन यांच्या सापेक्षतावादाचा अभ्यास करण्याची मुभा त्यांना दिली. सप्टेंबर १९२३ मध्ये कार्डिनल मर्सिए यांच्याच हस्ते त्यांना गुरूदीक्षा मिळाली. ते ‘येशूचे मित्र’ या धर्मगुरूंच्या बंधुसंघाचे सदस्य झाले. या संघाच्या नियमानुसार रोजची प्रार्थना, साधी राहणी आणि वार्षिक एकांतवास यांचे पालन त्यांनी आयुष्यभर केले.

जडत्वाचे कोडे

लमेत्र यांनी कोणत्या प्रश्नाला हात घातला, हे कळण्यासाठी जडत्व या साध्या वाटणाऱ्या गोष्टीकडे पाहावे लागेल. एस.टी. चालकाने अचानक ब्रेक दाबला की उभे प्रवासी पुढे झुकतात. जत्रेतील चक्री पाळणा वेगाने फिरू लागला की त्यात बसलेली मुले बाहेरच्या बाजूला फेकल्यासारखी होतात. आपली गती आहे तशी राखण्याचा पदार्थाचा हा जो स्वभाव, त्याला जडत्व म्हणतात. मग प्रश्न उभा राहतो : चक्री पाळणा फिरतो आहे, असे आपण कशाच्या तुलनेत म्हणतो? जमिनीच्या तुलनेत म्हणावे, तर जमीनही फिरतेच आहे.

न्यूटन यांनी १६८७ मध्ये यावर असे उत्तर दिले की, संपूर्णपणे अचल असे एक निरपेक्ष अवकाश आहे व खरी गती त्याच्या संदर्भात मोजली जाते. एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रियन विचारवंत एर्न्स्ट माख यांनी ते नाकारले. जे कधी दिसत नाही व मोजता येत नाही, अशा अवकाशाऐवजी त्यांनी दूरच्या ताऱ्यांकडे बोट दाखविले. त्यांच्या विचाराचा रोख असा होता की, पदार्थाचे जडत्व हे विश्वातील इतर सर्व पदार्थांशी असलेल्या त्याच्या संबंधातून समजून घ्यावे. एस.टी.तील प्रवाशाला बसणाऱ्या धक्क्याचा संबंध अशा रीतीने थेट दूरच्या तारकांशी जोडला गेला.

आइन्स्टाइन यांच्यावर या विचाराचा खोल प्रभाव होता. १९१५ मध्ये त्यांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत, म्हणजेच व्यापक सापेक्षतावाद पूर्ण केला. त्यानुसार पदार्थामुळे अवकाश व काळ वक्र होतात आणि त्या वक्रतेलाच आपण गुरुत्वाकर्षण म्हणतो. जडत्वही संपूर्णपणे पदार्थातूनच यावे, अशी त्यांची अपेक्षा होती. परंतु विश्व अनंत मानले, तर त्याच्या दूरच्या टोकाशी काय असावे हे वेगळे गृहीत धरावे लागे व न्यूटन यांचे निरपेक्ष अवकाश मागील दाराने पुन्हा आत येई. त्यावर १९१७ मध्ये त्यांनी धाडसी तोडगा काढला. त्यांनी विश्वाला टोकच ठेवले नाही. पृथ्वीचा पृष्ठभाग जसा मर्यादित असूनही त्याला कडा नसते, तसे हे विश्व होते. विश्व अचल आहे असे त्या काळी सर्वच मानीत. म्हणून ते स्थिर राहावे यासाठी त्यांनी आपल्या समीकरणात एक जादा संख्या घातली. तिला वैश्विक स्थिरांक म्हणतात.

त्याच वर्षी हॉलंडचे खगोलशास्त्रज्ञ विलेम द सिटर यांनी त्याच समीकरणांचे दुसरे उत्तर शोधून काढले. या विश्वात पदार्थ मुळीच नव्हता, तरीही त्यात सोडलेल्या कणाला जडत्व होते. जडत्व केवळ पदार्थातून येते, या आइन्स्टाइन यांच्या आशेलाच हा धक्का होता. अशा रीतीने दोन विश्वे समोरासमोर उभी राहिली. एकात पदार्थ होता, पण हालचाल नव्हती. दुसऱ्यात हालचालीची चिन्हे होती, पण पदार्थ नव्हता.

मधला मार्ग

गुरूदीक्षेनंतर लगेचच फादर लमेत्र शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले. तेथे त्यांनी आर्थर एडिंग्टन यांच्या मार्गदर्शनाखाली एक वर्ष काढले. पुढील वर्षी ते अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेत हार्लो शॅप्ली यांच्याकडे होते. या प्रवासाचा लाभ घेऊन त्यांनी दूरच्या तेजोमेघांचे निरीक्षण करणाऱ्या व्हेस्टो स्लायफर व एडविन हबल यांचीही भेट घेतली. स्लायफर यांच्या निरीक्षणांत बहुतेक तेजोमेघांचा प्रकाश वर्णपटाच्या तांबड्या टोकाकडे सरकलेला आढळत होता. ते आपल्यापासून दूर जात असल्याची ही खूण होती. सिद्धांतवादी मंडळी समीकरणांत गुंतलेली होती, वेधशाळेतील मंडळी दुर्बिणीत. दोन्ही अंगणांत वावरणारे लोक फार थोडे होते. हा तरुण धर्मगुरू त्यांपैकी एक होता.

१९२५ मध्ये त्यांनी द सिटर यांचे विश्व नव्या रीतीने मांडून दाखविले, तेव्हा ते स्थिर नसून ताणले जाणारे आहे, असे स्पष्ट झाले. मायदेशी परतून लूव्हेन येथे अध्यापन करीत असताना १९२७ मध्ये त्यांनी आपला सुप्रसिद्ध निबंध फ्रेंच भाषेत प्रसिद्ध केला. त्यात पदार्थही होता आणि हालचालही होती. पदार्थाने भरलेले त्यांचे विश्व आइन्स्टाइन यांच्या स्थिर अवस्थेपासून हळूहळू मोठे होत जाऊन द सिटर यांच्या रिक्त विश्वाकडे वाटचाल करीत होते. तेजोमेघ अवकाशातून पळत नाहीत, तर त्यांच्यामधील अवकाशच वाढत आहे, असे त्याचे सार होते. एवढ्यावर न थांबता त्यांनी ४२ तेजोमेघांच्या नोंदी घेऊन प्रसरणाचा वेगही काढला. दर मेगापार्सेकला, म्हणजे सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षांच्या अंतरामागे, सेकंदाला ६२५ किलोमीटर असा तो होता. त्या काळी अंतरे फार कमी मोजली गेली होती, म्हणून हा आकडा मोठा आला. आज तो ७० च्या आसपास मानला जातो. परंतु दुप्पट अंतरावरील तेजोमेघ दुप्पट वेगाने दूर जातो, हा नियम त्यात होता व तो हबल यांच्या १९२९ मधील निबंधापूर्वी दोन वर्षे मांडला गेला होता.

ऑक्टोबर १९२७ मध्ये ब्रुसेल्स येथे भरलेल्या परिषदेच्या वेळी आइन्स्टाइन व फादर लमेत्र यांची भेट झाली. गणितात चूक नाही, पण भौतिकशास्त्राच्या दृष्टीने ही कल्पना मुळीच पटत नाही, असे त्यांनी या धर्मगुरूला तोंडावर सांगितले. रशियन गणिती अलेक्झांडर फ्रीडमन यांनी १९२२ मध्ये अशीच उत्तरे काढली होती, हेही लमेत्र यांना त्यांच्याकडूनच कळले. फ्रीडमन १९२५ मध्ये निवर्तले होते. जगातील सर्वांत थोर शास्त्रज्ञाने नकार दिला तरी लमेत्र यांनी वाद वाढविला नाही आणि आपले म्हणणेही मागे घेतले नाही. १९३० मध्ये त्यांनी आपल्या निबंधाची आठवण एडिंग्टन यांना करून दिली. एडिंग्टन यांनी तो सर्वांसमोर आणला आणि आइन्स्टाइन यांचे स्थिर विश्व मुळात स्थिर राहूच शकत नाही, हेही दाखवून दिले. १९३१ मध्ये आइन्स्टाइन यांनीही प्रसरणशील विश्व स्वीकारले.

त्याच वर्षी या निबंधाचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला. त्यात प्रसरणाचा वेग काढणारा भाग नव्हता. हा भाग कोणी वगळला, याविषयी पुढे बरेच तर्क झाले. २०११ मध्ये जुना पत्रव्यवहार उजेडात आला, तेव्हा कळले की अनुवाद स्वतः लमेत्र यांनीच केला होता. तोवर अधिक चांगले आकडे उपलब्ध झाल्यामुळे आपले जुने आकडे पुन्हा छापण्यात त्यांना अर्थ वाटला नव्हता. श्रेयासाठी ते कधी भांडले नाहीत. ऑक्टोबर २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने या नियमाला हबल-लमेत्र नियम म्हणावे, अशी शिफारस बहुमताने केली.

आदिअणू आणि एक वगळलेले वाक्य

विश्व वाढत असेल, तर पूर्वी ते लहान होते, हे ओघानेच येते. मे १९३१ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात लिहिलेल्या छोट्या पत्रात लमेत्र यांनी सर्व विश्वाचा उगम एकाच आदिअणूच्या विघटनातून झाला असावा, अशी कल्पना मांडली. आज आपण ज्याला महास्फोट म्हणतो, त्या विचाराचे हे बीज. महास्फोट हे नाव मात्र त्याच्या विरोधकाने, फ्रेड हॉइल यांनी १९४९ मध्ये दिले.

या पत्राच्या मूळ टंकलिखित प्रतीत शेवटी परमेश्वराचा उल्लेख करणारा एक परिच्छेद होता. छपाईस देण्यापूर्वी लमेत्र यांनी तो स्वतःच्या हाताने खोडून टाकला. त्यांची श्रद्धा डळमळली होती म्हणून नव्हे. रोज मिस्साबली अर्पण करणाऱ्या या धर्मगुरूला परमेश्वर कोठे आहे, हे सांगण्यासाठी भौतिकशास्त्राच्या पानाची गरज वाटत नव्हती. अनेक शास्त्रज्ञ मात्र त्यांचा झगा पाहूनच शंका घेत. उत्पत्तीच्या पुस्तकाला गणिताचे वस्त्र चढविण्याचा हा खटाटोप आहे, असे त्यांना वाटे.

आणि मग अनपेक्षित बाजूने कसोटीची वेळ आली. २२ नोव्हेंबर १९५१ रोजी पोप बारावे पायस यांनी परमगुरूपीठाच्या विज्ञान अकादमीसमोर भाषण केले. त्यात आधुनिक विज्ञानाने दाखविलेल्या विश्वारंभाचा संबंध त्यांनी निर्मितीच्या श्रद्धासत्याशी जोडला. आपल्या कार्याचा असा गौरव झाला असता, तर कोणताही धर्मगुरू सुखावला असता. अकादमीचे सदस्य असलेले लमेत्र मात्र अस्वस्थ झाले. त्यांच्या दृष्टीने आदिअणू ही एक परिकल्पना होती, आणि परिकल्पना उद्या चुकीचीही ठरू शकते. त्या काळी तर प्रसरणाच्या वेगावरून काढलेले विश्वाचे वय पृथ्वीच्या वयापेक्षाही कमी भरत होते! अशा डळमळीत जमिनीवर श्रद्धेचे घर बांधले, तर उद्या सिद्धांत कोसळताना श्रद्धाही कोसळेल. शिवाय संत थॉमस यांची शिकवण त्यांना चांगली ठाऊक होती. विश्वाला काळात आरंभ होता, हे आपण श्रद्धेने जाणतो; ते केवळ तर्काने सिद्ध करता येत नाही. निर्मिती म्हणजे केवळ पहिल्या क्षणाची घटना नव्हे, तर प्रत्येक क्षणी सृष्टीने परमेश्वरावर अवलंबून असणे होय.

लमेत्र यांनी पोपमहोदयांवर जाहीर टीका केली नाही. १९५२ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रज्ञांची परिषद रोम येथे भरणार होती व पोप तेथे बोलणार होते. त्यापूर्वी लमेत्र यांनी रोमला जाऊन व्हॅटिकन वेधशाळेचे संचालक फादर डॅनियल ओकॉनेल यांच्याशी चर्चा केली आणि योग्य त्या मार्गाने आपले म्हणणे मांडले. त्या परिषदेपुढील भाषणात पोप बारावे पायस यांनी तो संबंध पुन्हा जोडला नाही. आज्ञाधारक राहूनही खरे कसे बोलावे, याचा हा वस्तुपाठ होय.

अखेरची वर्षे आणि उरलेले प्रश्न

१९६० मध्ये लमेत्र परमगुरूपीठाच्या विज्ञान अकादमीचे अध्यक्ष झाले व त्यांना मॉन्सिनियर हा किताब मिळाला. गणकयंत्रांची त्यांना विलक्षण आवड होती. लूव्हेन विद्यापीठातील पहिला संगणक त्यांच्याच पुढाकाराने आला. १९६४-६५ मध्ये अमेरिकेत आर्नो पेन्झियास व रॉबर्ट विल्सन यांना सर्व दिशांनी येणाऱ्या मंद सूक्ष्मलहरी आढळल्या. विश्वाच्या तप्त बाल्यावस्थेचा हा उरलेला प्रकाश. लमेत्र तेव्हा आजारी होते. मृत्यूपूर्वी काही दिवस त्यांचे सहकारी ओडों गोदार यांनी ही बातमी त्यांच्या कानी घातली. २० जून १९६६ रोजी त्यांनी लूव्हेन येथे देह ठेवला.

त्यांचे सर्वच विचार टिकले, असे नाही. विश्वकिरण हे आदिअणूचे अवशेष आहेत, ही त्यांची समजूत खरी ठरली नाही. मात्र आइन्स्टाइन यांनी टाकून दिलेला वैश्विक स्थिरांक त्यांनी आयुष्यभर जपला आणि १९३४ मध्ये त्याचा अर्थ रिक्त अवकाशाची ऊर्जा असा लावला. विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढत आहे, असे १९९८ मध्ये दिसून आले, तेव्हा तो स्थिरांक पुन्हा सन्मानाने परतला.

आणि जडत्वाचे कोडे? ते अद्याप पुरते सुटलेले नाही. फिरणारी पृथ्वी आपल्याभोवतीचे अवकाश किंचित ओढून नेते, हे एका कृत्रिम उपग्रहाच्या निरीक्षणांवरून २०११ मध्ये जाहीर झाले. म्हणजे पदार्थाचा जडत्वाशी काही संबंध आहे. परंतु सर्व जडत्व पदार्थातूनच येते, असे आइन्स्टाइन यांचा सिद्धांत सांगत नाही. माख यांचा विचार पुढे नेणारा एक महत्त्वाचा प्रयत्न एका मराठी शास्त्रज्ञाच्या नावाशी जोडलेला आहे, याचा आपणांस अभिमान वाटावा. कोल्हापूर येथे जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर यांनी १९६४ मध्ये फ्रेड हॉइल यांच्यासमवेत गुरुत्वाकर्षणाचा असा सिद्धांत मांडला की, ज्यात प्रत्येक कणाचे जडत्व विश्वातील इतर सर्व कणांमुळे निर्माण होते. पुण्याच्या ‘आयुका’चे संस्थापक संचालक असलेले डॉ. नारळीकर २०२५ मध्ये निवर्तले. महास्फोटाविषयीच्या आपल्या शंका ते अखेरपर्यंत मोकळेपणाने मांडीत राहिले. फादर लमेत्र यांना अशा शंकांचे भय वाटले नसते. विज्ञान शंकेवरच वाढते, हे ते जाणून होते.

आपल्या धर्मग्रामांतील अनेक मुले-मुली आज विज्ञानाचे उच्च शिक्षण घेत आहेत. धर्मशिक्षणाच्या वर्गात ती प्रश्न विचारतात, तेव्हा महास्फोटाने बायबल सिद्ध झाले, असे घाईने सांगण्याचा मोह होतो. कधी याउलट विज्ञानापासून दूर राहा, असेही सांगितले जाते. फादर लमेत्र यांचे जीवन या दोन्ही वाटांना नकार देते. विश्व आपल्या इच्छेप्रमाणे असावे, असा आग्रह त्यांनी आइन्स्टाइन यांच्याकडून स्वीकारला नाही आणि श्रद्धावंतांकडूनही स्वीकारला नाही. सृष्टी जशी आहे तशी पाहणे, हाच त्यांच्या लेखी सृष्टिकर्त्याचा आदर होता. आपल्या मुलांनी प्रयोगशाळेत निर्भयपणे जावे आणि रविवारी वेदीसमोर तितक्याच मोकळ्या मनाने गुडघे टेकावेत. फादर लमेत्र यांनी दोन्ही केले, आणि एकासाठी दुसऱ्याचा त्याग करण्याची वेळ त्यांच्यावर कधीच आली नाही.